वेलोरच्या डॉ. इडा स्कडर बाई

बाल शमुवेलाची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. रात्रीच्या वेळीं त्याला हांक आली. परंतु ती प्रभूची आहे हें न समजल्यामुळें तो तीन वेळां धांवत एलीकडे गेला. इ. स. १८९० च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील एका गांवीं एका तरुण मुलीलाही एकाच रात्रीं तीन हांका आल्या, आणि तिनेंही प्रत्येक वेळीं आपल्या बापाकडे बोट दाखविलें. तिचें नांव इडा सोफिया स्कडर. त्या हांकांना तिनें पुढें जें उत्तर दिलें, तें आज वेलोर येथील मोठ्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजाच्या रूपानें सर्वांस दिसतें. परंतु आरंभ कसा झाला व तें काम खेड्यांपर्यंत कसें पोंचलें, हें आपणां खेड्यांतील लोकांस विशेष जाणण्यासारखें आहे.

इडाचा जन्म ता. ९ डिसेंबर १८७० रोजीं उत्तर आर्काट जिल्ह्यांतील राणीपेट येथें झाला. तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर ह्यांचा न्यूयॉर्क शहरांत वैद्यकीचा धंदा उत्तम चालला होता. सुवार्तेविषयींची एक लहानशी पत्रिका त्यांच्या वाचनांत आली, आणि इ. स. १८१९ मध्यें तो धंदा सोडून ते सिलोनास निघाले. पुढें ते मद्रासेस आले. त्यांच्या पुत्रपौत्रांपैकीं पुष्कळांनीं हिंदुस्थानांत मिशनची सेवा केली. इडाचे वडील, त्यांचेंही नांव डॉ. जॉन स्कडर, हे आर्काट मिशनमध्यें डॉक्टर होते. भावांच्या घोळक्यांत इडा ही एकुलती एक बहीण.

ती लहान असतांनाच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. त्याची झळ आपल्या दख्खनेलाही लागली होती. बंगल्याच्या आवारांत उपाशी मुलें जमत, आणि त्यांना पावाचे तुकडे भरविण्याचें काम ह्या चिमुकलीकडे आलें. कित्येक मुलें इतकीं अशक्त झालीं होतीं कीं, हातांतला घांस तोंडापर्यंत नेण्याचीही शक्ति त्यांच्यांत उरली नव्हती. तीं दृश्यें तिच्या मनांतून कधीं पुसलीं गेलीं नाहींत. परंतु त्यांमुळें तिला ह्या देशाची ओढ लागली असें मात्र नाहीं; उलट धास्ती बसली. पुढें शिक्षणासाठीं ती अमेरिकेस गेली व मूडी साहेबांनीं स्थापलेल्या नॉर्थफील्ड येथील शाळेंत शिकली. आपल्या घराण्यांतील बाकीच्यांनीं वाटेल तें करावें, आपण कांहीं मिशनरी व्हावयाचें नाहीं, असा तिनें निश्चय केला होता. आपला देश, आपले सोबती व सुखाचा संसार एवढीच तिची इच्छा होती. ह्यांत तिचा फार मोठा दोष होता असें नाहीं. आपणही मुलाबाळांसाठीं बहुधा हेंच मागतों.

आई आजारी पडली म्हणून १८९० मध्यें ती तिंडिवनम येथें आईबापांजवळ आली. तीही थोड्या दिवसांपुरतीच. एके रात्रीं ती आपल्या खोलींत बसली असतां दारांत एक तरुण ब्राह्मण येऊन उभा राहिला. त्याची बायको बाळंतपणांत अडली होती; सुईणींचे उपाय थकले होते. इडानें चलावें, अशी त्यानें काकुळतीनें विनंति केली. आपण डॉक्टर नाहीं, आपले वडील डॉक्टर आहेत व ते लगेच येतील, असें तिनें सांगितलें. परंतु परपुरुषानें आपल्या घरांत येऊन बायकोला पाहावें हें त्याच्या रीतीस मान्य नव्हतें. तो खालीं मान घालून निघून गेला. थोड्या वेळानें दुसरा मनुष्य आला; तो मुसलमान होता. त्याच्याही घरीं तेंच संकट व त्याचेंही तेंच म्हणणें. त्यानंतर तिसरा आला; तो उच्च जातीचा हिंदु होता. तोही तसाच परत गेला.

त्या रात्रीं इडाला झोंप आली नाहीं. पहाटे गांवांतून प्रेतयात्रेच्या ढोलांचा आवाज ऐकूं आला. तिनें नोकराला चौकशीस पाठविलें, तेव्हां तिन्ही बायका मरण पावल्याची बातमी आली.

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. ते तिन्ही पुरुष निर्दय नव्हते. बायकोवर त्यांची माया नसती, तर अपरात्रीं परक्याचें दार त्यांनीं कशाला ठोठावलें असतें? ते रूढीच्या बंधनांत होते, आणि त्या बंधनांतून वाट काढील अशी स्त्री डॉक्टर गांवांत एकही नव्हती. ही उणीव कोणीं भरून काढावयाची, हा प्रश्न इडापुढें उभा राहिला, आणि ह्या खेपेस वडिलांकडे बोट दाखवितां येईना. तिनें पुष्कळ प्रार्थना केली, आणि अमेरिकेस परत जाऊन डॉक्टर होऊन पुन्हां येण्याचा आपला निश्चय आईबापांना सांगितला.

१८९९ मध्यें न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजांतून ती पास झाली. शेल नांवाच्या एका गृहस्थानें आपल्या मृत पत्नीच्या स्मरणार्थ इस्पितळासाठीं दहा हजार डॉलर दिले. ती देणगी घेऊन डॉ. इडाबाई १९०० च्या आरंभीं वेलोरास आल्या. ॲनी हँकॉक ही त्यांची मैत्रीण घरोघर सुवार्ता सांगण्यासाठीं सोबत आली होती. वडिलांच्या हाताखालीं अनुभव घ्यावा असा बाईंचा बेत होता. परंतु वडील त्याच वर्षीं देवाघरीं गेले. बाई एकट्या पडल्या. बंगल्यांतील एका लहानशा खोलींत त्यांनीं दवाखाना मांडला. आरंभीं बायका येण्यास धजत नसत. हळूहळू विश्वास बसला, आणि दोन वर्षांत सुमारें ५,००० रोग्यांना त्यांनीं औषधपाणी केलें. १९०२ मध्यें मेरी टेबर शेल इस्पितळ ४० खाटांसह उघडलें.

इस्पितळ उघडलें म्हणजे काम झालें, असें बाईंनीं मानलें नाहीं. रोज मजुरी करून पोट भरणारी बाई एक दिवस बुडवून वीस मैलांवर औषधास कशी जाणार? गाडीभाडें कोण देणार? पाठीमागें मुलें कोण सांभाळणार? म्हणून खेड्यांतील मनुष्य दुखणें अंगावर काढतो, आणि शेवटच्या घटकेस त्याला खाटेवर घालून आणतात. हें बाईंनीं रोज डोळ्यांनीं पाहिलें. तेव्हां रोगी दवाखान्याकडे येत नाहीं, तर दवाखान्यानेंच रोग्याकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें. वेलोराहून गुडियात्तमपर्यंतच्या वाटेवर ठराविक वारीं त्या औषधांच्या पेट्या घेऊन जाऊं लागल्या. प्रथम बैलगाडीनें आणि १९०९ पासून एका लहानशा मोटारीनें. बैलांवांचून चालणारी ती गाडी पाहून पहिल्यानें लोक भिऊन पळत. पुढें त्याच गाडीची वाट पाहत सकाळपासून झाडाखालीं बसूं लागले. कोणाचे डोळे आलेले, कोणाचा पाय चिघळलेला, कोणाच्या कडेवर तापानें फणफणलेलें मूल. रस्त्याच्या कडेलाच जखमा धुवाव्या, पट्ट्या बांधाव्या, औषध द्यावें, आणि दुखणें भारी असेल त्याला इस्पितळांत न्यावें, असा क्रम असे. औषधाबरोबर प्रभूच्या प्रीतीचे चार शब्दही सांगितले जात. परंतु औषध मात्र सर्वांना सारखें मिळे.

असें करीत असतां बाईंच्या लक्षांत आलें कीं, आपले हात दोनच आहेत आणि खेडीं तर असंख्य आहेत. परदेशांतून किती बाया येणार? ह्या देशाच्या मुलीच तयार झाल्या पाहिजेत. १९०९ मध्यें त्यांनीं परिचारिकांची शाळा काढली. पुढें मुलींसाठीं वैद्यकीची शाळा काढण्याचा विचार मांडला, तेव्हां मद्रासच्या वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यास तीन मुली तरी मिळतील कीं नाहीं ह्याची शंका होती. १९१८ मध्यें शाळा उघडली, त्या वेळीं इतके अर्ज आले कीं पुष्कळांना नकार द्यावा लागला. पहिल्या वर्षाच्या सरकारी परीक्षेंत पुरुष विद्यार्थी पुष्कळ नापास झाले. वेलोरची एकही मुलगी नापास झाली नाहीं. १९२२ मध्यें त्या वर्गांतील चौदा जणी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

बाईंची मोठी कसोटी म्हातारपणीं लागली. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारनें ठरविलें कीं, यापुढें वैद्यकीचें शिक्षण विद्यापीठाच्या पदवीचेंच असावें. त्यासाठीं मोठीं इस्पितळें, अधिक शिक्षक व पुष्कळ द्रव्य पाहिजे होतें. शाळा बंद पडण्याची वेळ आली. पुरुषांनाही प्रवेश देऊन अनेक मिशनांनीं मिळून कॉलेज चालवावें, अशी सूचना पुढें आली. जन्मभर स्त्रियांसाठींच झटलेल्या बाईंना ती सहज पटण्यासारखी नव्हती, आणि ती मान्य केल्यावर अमेरिकेंतील त्यांच्या जुन्या साह्यकर्त्या बाया दुखावल्या. तरी आपल्या हातचें काम आपल्याच विचाराप्रमाणें राहावें हा हट्ट त्यांनीं धरला नाहीं. सत्तरी उलटल्यावर त्या अमेरिकेंत गांवोगांव हिंडून मदत मागत राहिल्या. १९४२ मध्यें विद्यापीठाची मान्यता मिळाली, आणि १९४७ मध्यें पुरुष विद्यार्थी घेण्यास आरंभ झाला. स्वातंत्र्यानंतर डॉ. हिल्डा लाझरस ह्या हिंदी ख्रिस्ती बाईंनीं संस्थेची धुरा वाहिली. डॉ. इडाबाई १९४६ मध्यें निवृत्त होऊन कोडईकनाल येथें राहिल्या. मे १९६० मध्यें, वयाच्या ९० व्या वर्षीं, त्या प्रभूच्या विश्रांतींत गेल्या.

त्या रात्रीं मरण पावलेल्या तिघींचीं नांवें बाईंच्या चरित्रांत आढळत नाहींत. त्यांना कोणी वांचवूं शकलें नाहीं, हें आपण विसरूं नये. त्यांच्यामागून ज्या असंख्य बायका वांचल्या, त्यांच्या घरीं ह्या तिघींचें मोल पोंचलें आहे.

प्रिय वाचकहो, दारावरची थाप अजून थांबलेली नाहीं. आजही दूरच्या वाड्यावस्त्यांत वेळेवर मदत न मिळाल्यामुळें माणसें जातात. आपल्या मंडळीच्या प्रत्येक कुटुंबानें विचार करावा कीं, आपली मुलगी किंवा मुलगा परिचारिकेचें वा डॉक्टरचें शिक्षण घेऊन पुन्हां खेड्याकडे येण्यास तयार असेल, तर आपण त्याला आडवें तर येत नाहीं ना? ज्याला एवढें देतां येत नसेल, त्यानें आजारी शेजाऱ्यासाठीं गाडी जोडावी, रात्रीं त्याच्या उशाशीं बसावें. प्रत्येक हांकेला दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची आपली संवय प्रभु दूर करो, आणि ती हांक कोणाची आहे हें ओळखण्याची बुद्धि आपणां सर्वांस देवो.