सहकाराचे निकोल्सन आणि तारली

अर्थशास्त्राच्या पुस्तकात सहकाराचे प्रकरण उघडले की पहिल्या एकदोन पानांत सर फ्रेडरिक निकोल्सन यांचे नाव भेटते. त्यांनी मद्रास सरकारला अहवाल दिला एवढी एक ओळ, आणि लगेच १९०४ चा कायदा. परीक्षेला तेवढे पुरते. परंतु या गृहस्थांनी पुढची वर्षे कशात घालवली हे वाचले तेव्हा मला मोठे नवल वाटले. ती त्यांनी तारलीसाठी घालवली!

तारली म्हणजे काय, हे आपल्यातील पुष्कळांना सांगावे लागेल. वीतभर लांबीची, रुपेरी, बारीक काट्यांची आणि तेलकट अशी ही मासळी. गणेश पेठेतील मासळी बाजारात पापलेट, सुरमई घेणारी गिऱ्हाइके वेगळी आणि तारली, बांगडा घेणारी आमच्यासारखी घरे वेगळी. माझ्या आईने शाळा पाहिलेली नाही, पण पावसाळ्यानंतरच्या तारलीला चरबी असते, तेव्हा फोडणीला तेल कमी लागते, हे तिला पक्के ठाऊक आहे.

निकोल्सन यांचा जन्म १८४६ चा. १८६९ मध्ये ते सनदी नोकरीत मद्रास इलाख्यात दाखल झाले. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ त्यांच्या नोकरीतच पडला. शेतकरी एकदा सावकाराच्या वहीत शिरला की पिढ्यान् पिढ्या बाहेर येत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले असणार. (आमच्या आजोबांचे कर्ज माझ्या वडिलांनी फेडले, तेव्हा या वाक्यासाठी मला पुस्तकाची गरज नाही.) युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करून त्यांनी १८९५ व १८९७ साली अहवालाचे दोन खंड सादर केले. जर्मनीतील राइफायझेन यांच्यासारखा गावोगावी सहकार रुजविणारा माणूस शोधा, हे त्याचे सार. पुढे याच वाटेवर महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि आपल्या पुण्याचे धनंजयराव गाडगीळ उभे राहिले.

निवृत्तीनंतर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. निकोल्सन यांनी १९०५ मध्ये मद्रासच्या मत्स्यव्यवसायाची पाहणी अंगावर घेतली. ते जपानला जाऊन तेथील मच्छीमारी पाहून आले. १९०७ मध्ये मत्स्य विभाग स्थापन झाला, त्याची धुरा त्यांनी १९१८ पर्यंत वाहिली.

त्या काळी मलबार किनाऱ्यावर तारलीचे थवेच्या थवे लागत. खाऊन उरलेली मासळी वाळूवर पसरून वाळवीत आणि मळ्यांना खत म्हणून पाठवीत. तेल काढायचे ते मासळी कुजवून. त्याला दुर्गंधी फार आणि भाव कमी. निकोल्सन यांनी साधा मार्ग दाखविला. मासळी ताजी असतानाच उकळायची, दाबायची, तेल वेगळे करायचे आणि चोथा वाळवून खत करायचे. त्याला मोठे भांडवल लागत नव्हते. पाहता पाहता किनाऱ्यावर असे शेकडो छोटे कारखाने निघाले. मासळी डबाबंद करण्याचे प्रयोगही त्यांनी केले. मच्छीमारांच्या पतसंस्था आणि त्यांच्या मुलांच्या शाळा यांकडेही विभागाने लक्ष दिले. १९३६ साली, वयाच्या नव्वदीच्या घरात, त्यांचे निधन झाले.

येथे माझ्या मनात एक शंका येते. तेल व खत यांना भाव आला हे खरे, पण कारखान्याची भूक माणसाच्या भुकेपेक्षा मोठी असते. आज किनाऱ्यावर मत्स्यचूर्णाचे कारखाने आहेत आणि लहान मासळी तिकडेही जाते. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. सागराचे तापमान, खाद्याची कमतरता, बेसुमार मासेमारी अशी कारणे शास्त्रज्ञ सांगतात. निकोल्सन यांच्या काळी तारली जास्त होती म्हणून प्रश्न होता, आज ती पुरेल का हा आहे.

तरीही हा माणूस मला मोठा वाटतो. सरदाराने नाक मुरडावे अशा मासळीत, आणि ती पकडणाऱ्या माणसात, त्याने लक्ष घातले. सहकाराच्या तासाला त्याच्या अहवालाबरोबर तारलीचाही उल्लेख व्हावा, अशी आमच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे.