रोजच्या भाकरीबरोबर

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे मला सांगण्यात आले, तेव्हा दुसरे कोणतेच नाव मनात आले नाही. मी लक्ष्मीबाई टिळकांविषयी लिहिणार आहे. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळ भगिनींनी वाचली असतील आणि वाचताना पोटभर हसल्याही असतील. त्या हसण्यामागे एक कठीण गोष्ट आहे. ती म्हणजे त्यांची क्षमा.

आम्ही ख्रिस्ती लोक जी प्रार्थना रोज म्हणतो, ती प्रभू येशूने स्वतः शिष्यांना शिकविली. तिच्यात दिवसाची भाकर मागून झाली की लागलीच क्षमेचे मागणे येते, आणि देवाकडे क्षमा मागणाऱ्याने स्वतःही दुसऱ्याला ती केलेली असावी, अशी अट त्याला जोडलेली आहे. भाकरीच्या शेजारीच क्षमा का, याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटते, काल जेवलो म्हणून आज चूल पेटविल्यावाचून राहत नाही, तसेच क्षमेचेही आहे. काल केलेली क्षमा आजच्या रागाला पुरत नाही. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे हे चांगले उमगते.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्यावाचून घरात येत नसे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे पुढे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला प्रिय झालेले रेव्हरंड टिळक. माणूस बुद्धिमान आणि प्रेमळ, पण तितकाच तापट आणि लहरी. मनात आले की घरातून निघून जावे आणि कोठे आहोत याचा पत्ताही लागू देऊ नये! हाती पैसा आला की वाटेत भेटेल त्या गरजवंताला देऊन मोकळे व्हावे. घरात पीठमीठ आहे की नाही, ही विवंचना अर्थातच बायकोची.

पुढे नागपूरकडील आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना नवा करार वाचावयास दिला. वाचता वाचता त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेताच हे झाले. सव्वीस वर्षांची बाई, पदरी लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून संसार मोडलेला. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, ते आज शब्दांनी सांगून कळणार नाही. ना ती विधवा, ना सवाष्ण. जवळजवळ पाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. कोणी कीव करावी, कोणी बोल लावावा, दोन्ही सारखेच बोचणारे.

टिळकांनी आपल्या मताप्रमाणे सत्याची वाट धरली होती, हे खरे. परंतु आपल्या वाटेने जाताना त्यांनी बायकोला दुःखात लोटले, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी लक्ष्मीबाईंनी कधी नाकारल्या नाहीत.

अखेर दत्तूला घेऊन त्या अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्या. मात्र गेल्या त्या स्वतःच्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळे, देवधर्म आपला आपल्यापाशी. टिळकांनीही आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे बायकांना क्षमा कर असे सांगतात, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ मुकाट्याने सोस, असा असतो. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. मनातला राग त्यांनी सोडला, पण स्वत्व सोडले नाही. ज्या घरात जिवाला धोका आहे, तेथे क्षमेच्या नावाखाली परत जा, असे त्यांच्या उदाहरणावरून कोणी कोणाला सांगू नये.

दुसरेही एक लक्षात घ्यावे. त्या नवऱ्याकडे परतल्या, तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. तेथे राहत असताना हळूहळू त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडला. सगळी माणसे देवाचीच, तर हा विटाळ कोणी आणला, असा विचार त्या करू लागल्या. मग १९०० साली त्यांनी स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे क्षमेचा धडा त्यांनी आधी गिरविला आणि धर्माचे नाव मागाहून घेतले.

बाप्तिस्म्याने टिळकांचा स्वभाव काही पालटला नाही. संताप येई, घरात खटके उडत, आणि घटकाभराने तेच टिळक लहान मुलासारखे विरघळून जात. घरी पाहुण्यांचा राबता, अनाथ मुलांचा सांभाळ, आणि खर्चाची नेहमीचीच ओढाताण. १९१७ साली तर टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. अशा संसारात एकदाच मोठ्या मनाने क्षमा करून भागत नाही. ती सकाळी करावी, आणि दुपारी पैसे भलत्याच कामी गेलेले कळले की पुन्हा करावी! पेत्राने आपल्या भावाला कितीदा क्षमा करू, असे विचारले, तेव्हा येशूने सांगितलेला आकडा मोजण्यापलीकडचा होता. मला वाटते, तो आकडा संसार करणाऱ्या बाईला समजावून सांगावा लागत नाही.

लक्ष्मीबाईंना या कामी एका गोष्टीचे मोठे साहाय्य झाले; ती म्हणजे त्यांचा विनोद. त्या नवऱ्याला हसत आणि तितक्याच मोकळेपणी स्वतःलाही हसत. ज्याला स्वतःवर हसता येते, त्याच्या मनात अढी फार दिवस टिकत नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरेच राहिले होते. ज्या बाईला लिहिण्यावाचण्याची वाट नवऱ्यानेच दाखविली होती, तिने पुढे ते पुरे केले. ज्या ख्रिस्तापायी तिचा संसार एकदा मोडला, त्याचेच चरित्र तिच्या हातून सिद्धीस गेले.

१९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. तीत त्यांनी टिळकांचा राग लपविला नाही, त्यांचे निघून जाणे लपविले नाही, स्वतःचे अश्रूही लपविले नाहीत. तरी पुस्तक मिटताना वाचणाऱ्याला टिळकांचा राग येत नाही. ते आवडू लागतात. झालेला अन्याय झाला असे स्पष्ट म्हणावे आणि तरी ते सांगताना शब्दाला विषाचा थेंब लागू देऊ नये, हे क्षमेवाचून होत नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. त्यांच्या नावे देऊळ नाही की व्रत नाही. पण मंडळाच्या कामात आपणही एकमेकींना बोलतो, दुखावतो, भिशीच्या हिशेबावरून की हळदीकुंकवाच्या मानावरून अबोला धरतो. तेव्हा या बाईची आठवण करावी. जे खुपले ते सांगून टाकावे आणि मग हसून पुढच्या कामाला लागावे. उद्या पुन्हा काही खुपेल, आणि उद्याची भाकर तरी कोणी आज भाजून ठेवते?