एका गुणाचे उत्तर

बँकेत असताना आमच्या विभागातल्या शाखांची दर पावसाळ्यात सामान्य ज्ञानाची स्पर्धा होत असे. इंग्लंडमध्ये पबापबांतून अशा स्पर्धांच्या लीग चालतात म्हणे. आमच्याकडे पब नव्हता. एका मंगल कार्यालयाचा हॉल, बटाटेवडे आणि स्टीलच्या पिंपातला चहा एवढ्यावर भागत असे. चार-चार जणांचे संघ, पुठ्ठ्याच्या कार्डावर टाइप केलेले प्रश्न आणि अचूक उत्तराला एक गुण. सर्वांत उंच शिखर, सर्वांत लांब नदी, कुठल्या देशाचे चलन काय, असा सारा मामला.

एका वर्षी प्रश्न आला, मराठीतील महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कामाला कोणत्या शहरात सुरुवात झाली? घंटी मी दाबली आणि नागपूर म्हणालो. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी कार्ड उलटून पाहिले आणि पुणे असे जाहीर केले. गुण गेला. आम्ही तिसरे आलो, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला आमच्यापेक्षा नेमका एक गुण जास्त होता. तेव्हा मी तिशीच्या आत होतो आणि खोट्या बेरजेचा मला मनापासून राग होता. पुढच्या रविवारी ग्रंथालयात जाऊन खात्री करून घेतली. कंपनीची स्थापना नागपूरला, १९१६ साली. काम पुण्यात आले ते पुढे. माझे उत्तर बरोबर होते. पण ते सिद्ध करायला म्हणून उघडलेल्या पुस्तकांनी माझे पुढचे कित्येक रविवार खाल्ले, कारण त्या कार्डाच्या पाठीमागे एक आख्खा माणूस उभा होता.

श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म २ फेब्रुवारी १८८४, रायपूरचा. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते, आज ते छत्तीसगडची राजधानी आहे. शाळा अमरावतीला, कॉलेज मुंबईचे विल्सन. म्हणजे पुण्याच्या पेठांशी बालपणाचा काही संबंध नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण केतकरांना शेवटपर्यंत पुण्यात थोडे उपऱ्यासारखेच वागवले गेले असे मला त्यांच्याविषयीचे लिखाण वाचताना सारखे वाटत आले आहे.

१९०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी ते अमेरिकेला गेले. त्या काळी आपली मुले परदेशी जात ती विलायतेला, बॅरिस्टर नाहीतर आयसीएस व्हायला. केतकर गेले न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात. अभ्यासाला विषय घेतला तो हिंदुस्थानातील जातिसंस्थेचा. मनुस्मृतीच्या आधारे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या समाजाची तपासणी करणारा त्यांचा ग्रंथ १९०९ साली इथाकाहूनच निघाला. लेखक पंचवीस वर्षांचा. १९११ मध्ये डॉक्टरेट पदरात पडली.

या ग्रंथाचे पुढे काय झाले ते कुठल्याही कार्डावर यायला हवे. १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात एका तरुण भारतीय विद्यार्थ्याने जातींच्या उगमावर एक निबंध वाचला. विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर. त्याने जातीच्या चार पंडिती व्याख्या तपासायला घेतल्या. तीन युरोपीय विद्वानांच्या होत्या, चौथी केतकरांची. बाबासाहेबांनी केतकरांच्या चिकित्सक आणि मोकळ्या बुद्धीची दखल घेतली आणि लगेच त्यांची चूकही दाखवली. केतकरांनी जातीची दोन लक्षणे मानली होती, जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाची बंदी. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, ही दोन वेगळी लक्षणे नव्हेतच. लग्नाची बंदी घातली की बाहेरून आत येण्याची वाट आपोआपच बंद होते. इतक्या नेमकेपणाने खोडून काढावे असे काहीतरी लिहून जाणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. आणि योगायोग पाहा, त्याच १९१६ साली केतकर नागपुरात बसून जातीचा विषय बाजूला ठेवून भलत्याच उद्योगाला लागले होते.

अमेरिकेहून परतताना ते काही काळ लंडनला राहिले. तिथे त्यांची ओळख एडिथ कोन या तरुणीशी झाली. ती जर्मन ज्यू. १९१२ साली केतकर हिंदुस्थानात आले, कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागले. कलकत्त्याला नगेंद्रनाथ बसूंचा बावीस खंडांचा बंगाली विश्वकोश आदल्याच वर्षी पुरा झाला होता. बंगाल्यांकडे आहे ते आपल्याकडे का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात कलकत्त्यातच आला की आधीपासून होता, हा शोध जाणकारांनी घ्यावा. पण विद्यापीठातली नोकरी त्यांना लाभली नाही एवढे खरे.

आता मी माझ्या जुन्या खुर्चीत बसून थोडे बोलतो. कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही काही ठरावीक प्रश्न विचारत असू. समजा, १९१६ साली केतकर माझ्या टेबलासमोर येऊन बसले. माल काय? मराठीतला ज्ञानकोश, वीसेक खंडांचा. गिऱ्हाईक कोण? मराठी वाचक. त्या काळच्या जनगणनेप्रमाणे देशात शंभरातले जेमतेम सहा माणसे लिहितावाचता येणारी. त्यातली मराठी किती, आणि त्यातल्या कितींच्या घरात कपाट? तारण काय? काही नाही. अनुभव? ना छापखान्याचा, ना प्रकाशनाचा. बाजाराची स्थिती? महायुद्ध चालू, कागद महाग. सरकारी मदत? नाही. मी चहा पाजून, अत्यंत सौजन्याने, प्रस्ताव परत केला असता. आणि नियमाप्रमाणे माझे बरोबरच ठरले असते.

केतकरांनी काय केले, तर मर्यादित भागीदारीची कंपनी काढली. ज्ञानकोश मंडळ लिमिटेड. लोकांना समभाग विकले आणि आगाऊ वर्गणीदार जमवले. ग्रंथ लिहिण्याआधी ग्रंथाची किंमत गोळा करायची, म्हणजे न पिकलेल्या पिकावर उचल घेण्यासारखेच. पण उचल घ्यायची ती एका सावकाराकडून नव्हे, गावोगावच्या वकील, मास्तर, डॉक्टर, मामलेदारांकडून. त्यासाठी ते स्वतः आणि त्यांची माणसे रेल्वेने, बैलगाडीने हिंडली. अमेरिकेची डॉक्टरेट घेतलेला माणूस कोशाची माहितीपत्रके घेऊन ओळखीपाळखीच्या ओट्यावर बसतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या पायांचे कौतुक वाटते. विमा एजंटाला सुद्धा लोक माजघरातून नाही म्हणून पाठवतात. इथे तर विकायचे होते ज्ञान, तेही अजून न लिहिलेले!

पुढे काम पुण्यात आले. मंडळाने स्वतःचा छापखाना उभारला. हाताखाली संपादनाला माणसे घेतली, त्यांत यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही जोडी होती. कामाचे स्वरूप साधे सांगायचे तर असे होते. इंग्रजी ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती १९१०-११ साली निघाली तेव्हा तिला जवळजवळ दीड हजार लेखक होते. पुण्यात एका खोलीत मावतील इतकी माणसे होती. त्यांनी वाचायचे, टिपायचे, मराठीत लिहायचे, शब्द नसेल तर घडवायचा, आणि जुळारी एकेक खिळा उचलून ते जुळवणार. विलंब झाला की वर्गणीदारांची पत्रे. त्या पत्रांची भाषा मला कल्पनेने सुद्धा ऐकू येते, कारण आयुष्यभर तसलीच पत्रे वाचून मी निवृत्त झालो आहे.

वर्गणीदारांची काही चूकही नव्हती. त्यांनी पैसे भरले ते कोशाचे. कोश म्हटला की ‘अ’ पासून सुरू व्हावा. १९२० नंतर खंड बाहेर पडू लागले आणि हाती आले ते काय? पहिला खंड हिंदुस्थान आणि जग, दुसरा वेदविद्या, तिसरा बुद्धपूर्व जग, चौथा बुद्धोत्तर जग, पाचवा विज्ञानेतिहास. पाच जाडजूड खंड संपले तरी ‘अ’ चा पत्ता नाही! ‘अ’ उगवला सहाव्या खंडात. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता. गिऱ्हाईक साखर मागते आहे आणि दुकानदार त्याला आधी उसाची लागवड समजावून सांगतो आहे.

पण केतकरांचे गणित निराळे होते. त्यांच्या मते सुट्या माहितीचा ढीग म्हणजे ज्ञान नव्हे. मराठी माणसाने आधी जगात आपण कुठे उभे आहोत ते पाहावे, आपले वेद, आपला बुद्ध, बाकीच्या जगाचा इतिहास आणि विज्ञानाची वाटचाल एका दमात नजरेखालून घालावी, आणि मग अक्षरे उघडावीत. आमच्या स्पर्धेतल्या कार्डांना त्यांनी काय म्हटले असते, हे मला त्या पाच खंडांवरून चांगलेच कळले. मान्य करतो की या प्रस्तावनेत त्यांची स्वतःची मते फार आहेत, काही आज टिकण्यासारखी नाहीत, आणि कोशकाराने एवढे बोलू नये असा आक्षेप घेणाऱ्यांचे मला पटते. तरी आजही त्या संचातून काढून वाचावेसे वाटतात ते हेच पाच खंड. बाकीच्यातली माहिती जुनी झाली, माणूस काही जुना झाला नाही.

सहा ते एकवीस हे अक्षरक्रमाचे खंड, बावीसावा सूचीचा, तेविसावा पुरवणीचा. ते दशक संपता संपता तेवीसच्या तेवीस खंड पुरे झाले होते. बारा वर्षांच्या या उद्योगाचा इतिहास त्यांनी स्वतःच लिहून ठेवला, हिशेब दाखवावा तसा. पुढे महाराष्ट्र राज्य झाले, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला अक्षरखंड १९७६ साली आला आणि विसावा यायला २०१५ साल उजाडले. पाठीशी सरकार असताना. त्या मंडळींना कमी लेखायचे नाही, तो ग्रंथ फार तोलाचा आहे. पण काळाची तुलना डोक्यातून जात नाही.

या साऱ्या धामधुमीत लंडनची ती ओळख मिटली नव्हती. दोघांची ताटातूट १९१२ ची. मध्ये चार वर्षांचे महायुद्ध गेले. १९२० साली एडिथ हिंदुस्थानात आली. व्रात्यस्तोम विधी करून तिला हिंदू करून घेण्यात आले, नाव शीलवती ठेवले आणि लग्न झाले. त्या काळच्या पुण्यात एका परदेशी ज्यू मुलीने नऊवारीच्या राज्यात येऊन, कर्जात बुडालेल्या कोशाच्या संसारात शिरायचे, याला काय छाती लागली असेल! ती मराठी शिकली. नवऱ्याचे पैशांचे हाल तिच्या वाट्याला आलेच.

कोश संपला तेव्हा केतकर पंचेचाळिशीच्या आसपास होते. पैसा हाती राहिला नव्हता. विद्यासेवक नावाचे मासिक काढून झाले, गुजराती ज्ञानकोशाचाही प्रारंभ करून पाहिला. आणि कादंबऱ्या लिहिल्या. गोंडवनातील प्रियंवदा, परागंदा, आशावादी, गावसासू, ब्राह्मणकन्या, भटक्या, विचक्षणा. कादंबरीकार म्हणून मी एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो, त्यांना गोष्ट सांगता येत नव्हती. पात्रे बोलू लागली की व्याख्यान सुरू होते, आणि कथानक मध्येच कोपऱ्यात ताटकळत उभे राहते. पण ज्या काळात मराठी कादंबरी कॉलेजच्या टेनिस कोर्टावर प्रेमात पडत होती, त्या काळात हा माणूस विदर्भातले, परदेशात गेलेले, जातीच्या कुंपणावर अडकलेले लोक कादंबरीत आणत होता. १९३० च्या ब्राह्मणकन्येतली कालिंदी आईकडच्या कुळाच्या डागामुळे समाजात कुठेच बसत नाही. तिला लेखक ना रडवतो, ना देवी करतो. दुर्गाबाई भागवतांना या कादंबऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले ते उगाच नव्हे.

१९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मान मिळाला, मधुमेह मात्र बळावत होता. शातवाहनांच्या काळावरचा प्राचीन महाराष्ट्र हा ग्रंथ १९३५ साली निघाला. त्याच्या पुढचे भाग मनात होते. मधुमेहातून चिघळलेल्या जखमेचे निमित्त झाले आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते गेले. वय त्रेपन्न.

दाते-कर्व्यांनी ज्ञानकोशात घोटवलेला हात मोडू दिला नाही. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड त्यांनी १९३२ ते १९३८ या वर्षांत सहकाऱ्यांसह पुरे केले. ज्ञानकोश स्वतः आता इंटरनेटवर आला आहे. माझा पुतण्या तो मोबाइलवर उघडतो आणि बैलगाडीची गोष्ट सांगितली की हसतो.

त्या गेलेल्या गुणाबद्दल मी विभागीय कार्यालयाला रीतसर पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही, पण पुढच्या वर्षी प्रश्न काढायचे काम माझ्याच गळ्यात पडले. मी एक प्रश्न घातला. विंटरनिट्झ या पंडिताने जर्मन भाषेत लिहिलेल्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद कोणी केला? कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड १९२७ साली छापला, दुसरा १९३३ साली. संस्कृतच्या विद्यार्थ्यांचा तो रोजच्या हाताळणीतला ग्रंथ.

एकाही संघाची घंटी वाजली नाही. प्रेक्षकांत आमच्या एका रोखपालाची मुलगी बसली होती, एम.ए.ला संस्कृत घेतलेली. तिने हात वर केला आणि मुखपृष्ठावर छापलेले नाव सांगितले, मिसेस एस. केतकर. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी मी तिला विचारले, या कोण माहीत आहे का? तिने मान हलवली. शीलवतीबाईंनी त्याच दिवसांत, ज्ञानकोशाच्या देण्याघेण्यांत, हा अनुवाद केला होता. दुसऱ्या खंडाला मिस एच. कोन यांची मदत होती, आणि पुढे बाईंनी मराठीतच आपल्या आठवणी लिहिल्या, हे मी तिला सांगितले. पुस्तकाचे नाव ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. तिने ते पिशवीतल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले, आणि तेवढ्यात पिंपातला चहा संपल्याची हाक आली.