माणसाला कायद्याच्या केंद्रस्थानी आणणारा प्राध्यापक

न्युरेंबर्ग येथे १९४५च्या नोव्हेंबरात नाझी नेत्यांवरील खटला सुरू झाला, तेव्हा आरोपींच्या पिंजऱ्यात हान्स फ्रँक होता. जर्मनव्याप्त पोलंडचा गव्हर्नर-जनरल असलेल्या या फ्रँकच्याच अमलाखाली लेम्बर्ग शहरातील ज्यूंचा संहार झाला होता. ब्रिटनच्या मुख्य अभियोक्त्यासाठी भाषणांचे मसुदे तयार करणारे केंब्रिजचे प्राध्यापक हर्श लॉटरपाख्ट यांचे आई-वडील आणि भावंडे त्याच शहरात राहत होती. त्यांचे काय झाले, याची पुरती कल्पना तेव्हा खुद्द लॉटरपाख्ट यांनाही नव्हती. पुढे कळले, की त्या घरातील केवळ एक भाची वाचली आहे.

१६ ऑगस्ट १८९७ रोजी लेम्बर्गजवळच्या झोल्किएव्ह गावी जन्मलेले लॉटरपाख्ट आधी लेम्बर्ग आणि मग व्हिएन्ना येथे कायदा शिकले. व्हिएन्नात हान्स केल्सेन हे त्यांचे गुरू. १९२३मध्ये ते लंडनला आले आणि १९३८मध्ये केंब्रिज विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक झाले.

त्या काळी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहार. सरकारने आपल्याच प्रजेला कसे वागवावे, हा त्या सरकारचा घरचा प्रश्न मानला जाई. लॉटरपाख्ट यांची सारी हयात या समजुतीशी झगडण्यात गेली. मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय सनदेविषयीचा त्यांचा ग्रंथ १९४५मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जुलैअखेरीस अमेरिकेचे मुख्य अभियोक्ते रॉबर्ट जॅक्सन त्यांना केंब्रिजला येऊन भेटले. ८ ऑगस्टच्या न्युरेंबर्ग सनदेत ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हे शब्द आले, त्यामागे लॉटरपाख्ट यांची सूचना होती.

लेम्बर्गच्याच विद्यापीठात शिकलेल्या राफाएल लेम्किन यांनी ‘वंशसंहार’ या गुन्ह्याचा आग्रह धरला होता. लॉटरपाख्ट यांना ती कल्पना रुचली नाही. समूहावर भर दिला, तर एकेकट्या माणसाचे संरक्षण मागे पडेल आणि समूहासमूहांतील वैर वाढेल, असे त्यांना वाटे. हा वाद आजही मिटलेला नाही. पण स्वतःचे कुटुंब ज्यू म्हणूनच मारले गेल्यावरही त्यांनी हे मत सोडले नाही, हे विशेष!

१९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याबाबतही ते समाधानी नव्हते. राष्ट्रांवर बंधनकारक नसलेले हक्क कागदावरच राहतील, अशी त्यांची परखड टीका होती.

१९५५पासून ते हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश होते. दादरा व नगर हवेलीकडे जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालने भारताविरुद्ध त्याच वर्षी याच न्यायालयात धाव घेतली होती आणि भारताच्या वतीने न्या. एम. सी. छगला तेथे तात्पुरते न्यायाधीश म्हणून बसले होते.

८ मे १९६० रोजी, न्यायाधीशपदावर असतानाच, लॉटरपाख्ट यांचे लंडनमध्ये निधन झाले. पुत्र एलिहू यांनीही वडिलांचाच विषय निवडला. त्यांनी १९८३मध्ये केंब्रिजला स्थापन केलेले आंतरराष्ट्रीय कायद्याचे संशोधन केंद्र आज लॉटरपाख्ट यांच्या नावाने ओळखले जाते.