पाठाबाहेरचा पाठ : सी. रामचंद्र आणि डीजेच्या ठेक्याचे गणगोत



डिसेंबर लागला की आपल्याकडे बहुतेक शाळांत एकच वाद रंगतो. स्नेहसंमेलनात गाणी कोणती घ्यायची? पोरांना डीजेवरची हवी असतात. आपल्याला भारूड, गवळण, लेझीम, फार तर एखादं देशभक्तीपर गीत. आमची शाळा सेलू तालुक्यातली. मीही इतकी वर्षं याच बाजूने बोलत आलो की, डीजेचं ते नुसतं धडधड, त्यात संगीत कुठे आहे.

यंदा वादाला वेगळंच वळण लागलं. सातवीतल्या एका मुलीने डीजेच्या गाण्यावर नाच बसवला आणि घरी सांगू नका म्हणून हात जोडले. कारण विचारलं तर कळलं, तिचे आजोबा बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत त्यांना एक दिवस उसंत नसायची. गावोगाव डीजे आला आणि बँडच्या सुपाऱ्या बंद झाल्या. आता क्लॅरिनेट पेटीत आणि आजोबा ओसरीवर. त्या घरात डीजे हा शब्दसुद्धा काढायची सोय नाही.

त्या आठवड्यात मी वर्गात एका माणसाचं चरित्र सांगितलं. तेच तुमच्यासाठी लिहितोय. सातवी-आठवीच्या मराठीच्या तासाला उपयोगी पडेल.

नकाशावर बोट ठेवून सुरुवात करा. गंगाखेडला आपण जी गोदावरी बघतो, ती आपल्याकडे येण्याआधी अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पुणतांब्याला वळसा घालून येते. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं हे गाव, चांगदेवांच्या समाधीमुळे माहीत असलेलं. तिथे १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. पुढे सगळा देश त्यांना सी. रामचंद्र म्हणून ओळखू लागला. जवळची माणसं म्हणायची अण्णा.

मुलाला गाण्याची ओढ. गंधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी शास्त्रोक्त संगीताचे धडे घेतले. हे मुलांना ठासून सांगा, कारण पुढे जो माणूस ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन घेऊन धुडगूस घालणार आहे, त्याची तालीम ग्वाल्हेर घराण्याची आहे. वय सतरा-अठरा. दिसायला बरे, म्हणून १९३५ मध्ये 'नागानंद' या चित्रपटात नायकाचं काम मिळालं. नायक म्हणून वाट काही पुढे गेली नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोट्या भूमिका, आणि तिथेच संगीतकारांच्या साथीला हार्मोनियम. पेटीवर बसलेल्या माणसाला चाल कशी बांधतात, कुठे फसते, कुठे सुटते हे रोज समोर दिसतं. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिलं काम त्यांना मिळालं तेही तमिळ चित्रपटात! भाषा येत नाही, गाव परकं, तरी चाली दिल्या. १९४२ मध्ये भगवान यांच्या 'सुखी जीवन'ला संगीत दिलं, आणि भगवान-अण्णा ही जोडी जमली. भगवान म्हणजे आपले भगवानदादा पालव, गिरणी कामगाराच्या घरातले.

आता इथे चरित्र थोडं बाजूला ठेवू, कारण जॅझ म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमधून, मुख्यतः न्यू ऑर्लिन्स शहरातून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे संगीत पुढे आलं. वाद्यं बँडची: कॉर्नेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, ड्रम. मिरवणुकीत आणि मयतीलासुद्धा वाजायची. आपल्या बँड पार्टीची आठवण येते ना? १९३० नंतर त्यातला 'स्विंग' हा प्रकार अमेरिकाभर पसरला. पंधरा-वीस वादकांचा ताफा आणि समोर नाचणारे शेकडो लोक. बसून ऐकायचं नाही, नाचायचं. याच काळात नाव गाजलं ते बेनी गुडमन यांचं. त्यांचं वाद्य होतं क्लॅरिनेट. (हे वाक्य मी वर्गात सांगितलं तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा वर बघायला लागली.)

स्विंग म्हणजे नेमकं काय, हे फळ्यावर लिहून कळत नाही, टाळ्या वाजवायला लावा. आधी चार मात्रा सरळ. मग प्रत्येक मात्रेचे दोन भाग, पण सारखे नाहीत: पहिला लांब, दुसरा आखूड. मात्रेचे तीन तुकडे करून पहिले दोन एकत्र धरा, म्हणजे झालं. तबला शिकलेल्या मुलाला तिश्र जाती सांगा, तो लगेच पकडतो. बाकीच्यांना घोड्याची दुडकी चाल. बसलेल्या माणसाचे खांदे हलायला लागले म्हणजे जमलं.

हे संगीत मुंबईला कधी आलं? १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी ताफा वाजवायला आला. मागोमाग आणखी आले. आणि ते ऐकून तयार झाले आपले गोव्याचे वादक. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. पोट भरायला ती मुलं मुंबईत येत. बार्देशातल्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ त्यातलेच. ट्रम्पेट वाजवायचे आणि लुई आर्मस्ट्राँगसारखं घोगरं गायचे. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, दारूबंदी आली, हॉटेलांतल्या नाचांची रया गेली. या वादकांना मग सिनेमाच्या स्टुडिओंनी हात दिला. म्हणजे गोवेकरांवरही तीच वेळ आली होती जी आज आपल्या बँडवाल्यांवर आली आहे. त्यांना दुसरा दरवाजा सापडला, एवढाच फरक.

तो दरवाजा उघडणाऱ्यांत अण्णा पुढे होते. बेनी गुडमन यांचं संगीत त्यांना भावलं होतं. १९४७ च्या 'शहनाई'मध्ये त्यांनी रविवारच्या भेटीचं जे धमाल गाणं केलं, त्यात चक्क शिट्टी वापरली. 'पतंगा'मध्ये (१९४९) रंगूनहून डेहराडूनला टेलिफोन लावला. तो आवाज त्यांचाच, पण श्रेयनामावलीत गायक म्हणून ते 'चितळकर' असत. चाल अण्णा बांधायचे. तिला ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा साज चढवायला सहायक म्हणून चिक चॉकलेट होते.

आणि १९५१ साली 'अलबेला'. भगवानदादा आणि गीता बाली. 'शोला जो भडके' या गाण्यात अण्णांनी बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र आणले. पालकहो, हे गाणं एकदा मुलांना घेऊन, नाच न बघता, फक्त कानाने ऐका. गाणाऱ्या ओळींच्या मधे पितळी वाद्यं एक छोटासा तुकडा वाजवतात आणि तोच पुन्हा पुन्हा येतो. जॅझमध्ये त्याला रिफ म्हणतात. स्विंगच्या ताफ्यांची अर्धी जादू या रिफमध्ये असते. आपल्याकडे हे नवीन नाही. तबल्याच्या एकलवादनात पेटीवाला नगमा धरतो, तोच तुकडा तासभर, आणि त्यावर तबलजी आपलं काम करतो. याच सिनेमात दुसऱ्या एका नाचात चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. आणि याच सिनेमात अण्णांनी लताबाईंबरोबर गायलेली अंगाईही आहे. नाचवणारा आणि निजवणारा हात एकच. भगवानदादांची ती संथ, हात झुलवत चालण्याची ढब आजही आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत प्रत्येक गावात दिसते. नाचणाऱ्याला माहीतही नसतं ती कुणाची.

त्या काळच्या मोठ्या माणसांना हे आवडलं का? नाही. सिनेमाच्या गाण्यांनी मुलं बिघडतात, हे संगीत परकं आणि उथळ आहे, अशी ओरड होतीच. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हेही मराठीच. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. योगायोग बघा, त्याच साली 'आशा' चित्रपटातलं अण्णांचं ते 'ईना मीना डीका' गाजत होतं. अर्थ नसलेल्या अक्षरांचं गाणं! अर्थहीन म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी तराणा आठवावा. लुई आर्मस्ट्राँग असंच निरर्थक अक्षरांत गायचे, त्याला स्कॅट म्हणतात. या गाण्याची सुरुवात अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या बडबडीतून झाली आणि एका गोवेकर सहकाऱ्याने त्यात कोकणीची फोडणी घातली, असं सांगतात.

मात्र अण्णा म्हणजे फक्त उडती गाणी असं मुलांना वाटू देऊ नका. 'अनारकली'मधलं (१९५३) लताबाईंचं भीमपलासी त्यांचंच. 'नवरंग' त्यांचाच. आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी गायलेलं, कवी प्रदीप यांचं 'ऐ मेरे वतन के लोगो', दर २६ जानेवारीला आपण ध्वजवंदनानंतर लावतो ते, त्याची चालही पुणतांब्याच्या या माणसाची. आमच्या स्टाफरूममध्ये दोघांना हे माहीत नव्हतं. सांगायला संकोच वाटतो, त्यातला एक मी होतो.

पुढची वर्षं उताराची. साठीच्या दशकात काम कमी होत गेलं, काही नाती तुटली, मराठीत 'घरकुल'सारखे चित्रपट केले, 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिलं. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता डीजेचा विषय. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जॅझ बसून ऐकण्याकडे वळलं आणि नाचाचा धागा ऱ्हिदम अँड ब्लूज, फंक, मग डिस्को असा पुढे गेला. शिकागोच्या वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स तबकड्या एकीत एक मिसळून लोकांना रात्रभर नाचवत, त्या क्लबच्या नावावरूनच 'हाउस' हे नाव पडलं असं मानतात. पंधरा-वीस वादकांच्या जागी यंत्र आलं. प्रत्येक मात्रेला ढोलाचा एक ठोका, मिनिटाला साधारण १२० ते १३०, आणि वर तोच तोच तुकडा. रिफचा झाला लूप. नगम्याचं नातं इथपर्यंत पोहोचतं. आणखी एक गंमत: १९८० च्या सुमारास अमेरिकेत रॉजर लिन यांनी जे ड्रम मशीन बनवलं, त्यात ठोके थोडे लांब-आखूड करण्याची सोय होती, कारण अगदी सरळ ठोक्यावर माणसाचं अंग हलत नाही. आजच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्येही त्या सोयीचं नाव आहे स्विंग. मोबाइलवर ठेका बनवणाऱ्या आमच्या आठवीच्या पोराला ते बटण माहीत होतं, ते नाव कुठून आलं हे माहीत नव्हतं.

आणि अण्णा गेले त्याच १९८२ साली, मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवलेल्या चरणजित सिंग यांनी जपानी बनावटीच्या सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा रागांची तबकडी काढली. भैरव, यमन, आणि खाली डिस्कोचा ठेका. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले जाणकार थक्क झाले, कारण ॲसिड हाउस म्हणून जे पुढे शिकागोत गाजलं, त्याच्याशी ती फार जुळत होती. डीजेचं यंत्र आणि आपला राग यांची सोयरीक मुंबईत आधीच झाली होती तर.

माझं मत पूर्ण बदललं असं समजू नका. लग्नात छाती हादरवणाऱ्या त्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं उभी असतात, त्याचा मला आजही संताप येतो. पण ते भांडण आवाजाशी आहे. ठेक्याशी नाही.

तो तास झाल्यावर मुलीने घरी काय सांगितलं माहीत नाही. चार दिवसांनी तालमीच्या वेळी आजोबा पेटी घेऊन शाळेत आले. क्लॅरिनेटची नवी रीड त्यांनी परभणीहून मागवून घेतली होती. 'अलबेला'ची गाणी त्यांना पाठच होती, बँडवर शेकडो वेळा वाजवलेली. आठवीच्या पोराने मोबाइलवरचा ठेका स्पीकरला जोडला. आजोबांनी दोन आवर्तनं नुसतंच ऐकलं, पायाने मात्रा धरली, आणि मशीनची लय जरा खाली घ्यायला सांगितली. पोराने घेतली. मग त्यांनी तोंडाला क्लॅरिनेट लावलं.