खांद्यावरचे ओझे उतरवणारा कारागीर

कॅमेरा विकत घेताना माणूस भिंगाची ताकद पाहतो, किंमत पाहतो, छायाचित्र किती स्वच्छ येते तेही पाहतो. यंत्राचे वजन मात्र सहसा कुणी विचारत नाही. दुकानात दोन मिनिटे हातात धरलेला कॅमेरा जड वाटतच नाही. तोच गळ्यात अडकवून सकाळी गड चढायला घेतला, की दुपारी मान आखडते, खांद्यावर पट्ट्याचा वळ उठतो आणि संध्याकाळी समोर अप्रतिम दृश्य असूनही यंत्र पिशवीतून बाहेर निघत नाही. वजनाचा हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे एका जर्मन यंत्रज्ञाला त्याच्या दुबळ्या फुफ्फुसांनी शिकवले. त्या शिकवणीतून त्याने जे यंत्र घडवले, त्याने छायाचित्रणाची दिशाच बदलून टाकली. ऑस्कर बार्नाक हे त्याचे नाव. त्याने घडवलेला कॅमेरा ‘लायका’ या नावाने जगभर पोहोचला.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी बर्लिनच्या दक्षिणेकडील ब्रँडेनबुर्ग परगण्यात, लीनो नावाच्या लहानशा खेड्यात झाला. पुढे कुटुंब बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डे परिसरात राहायला आले. शाळा संपल्यावर ऑस्करला तिथल्याच एका यंत्रकाराच्या हाताखाली उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. या कारखान्यात खगोलशास्त्राची उपकरणे तयार होत. केसाएवढी चूक जिथे खपत नाही, अशा कामात त्याचा हात बसला. उमेदवारी संपली की कारागिराने गावोगाव फिरून वेगवेगळ्या कार्यशाळांत काम करायचे, ही जर्मनीतली जुनी परंपरा. बार्नाकनेही ती पाळली आणि भटकंती करत, अनुभव गाठीशी बांधत तो १९०२ साली येना या शहरात येऊन पोहोचला.

येना हे त्या काळी प्रकाशविज्ञानाचे माहेरघर होते. कार्ल झाइस यांनी स्थापन केलेला आणि एर्न्स्ट आबे या पदार्थवैज्ञानिकाने शास्त्रीय पायावर उभा केलेला जगप्रसिद्ध कारखाना याच गावात होता. बार्नाक यांना तेथे नोकरी मिळाली. एमिल मेखाऊ नावाचा एक कल्पक सहकारी मित्रही त्यांना तिथेच लाभला. पगार बेताचा, प्रकृती नाजूक, पण हाताला कौशल्य आणि डोक्याला सतत काही ना काही सुचत राहण्याची सवय, अशी त्यांची त्या वेळची स्थिती होती. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या या माणसाला रविवारचा एक छंद होता, तो छायाचित्रणाचा.

येनाच्या आसमंतात थुरिंगियाचे प्रसिद्ध जंगल आहे. डोंगर, दऱ्या आणि उंच सूचिपर्णी वृक्षांचा हा प्रदेश छायाचित्रकाराला भुरळ घालणारा. पण तिथे कॅमेरा न्यायचा म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. बार्नाक यांचा कॅमेरा १३ बाय १८ सेंटिमीटर आकाराच्या काचांवर छायाचित्रे घेणारा होता. लाकडी पेटीसारखा तो कॅमेरा, त्याचा भाता, तिपाई आणि दोन-दोन काचा बसणाऱ्या सहा चपट्या पेट्या, असा सारा सरंजाम फिरत्या विक्रेत्याच्या बॅगेएवढ्या चामडी पेटीत घालून पाठीवर घ्यावा लागे. नुसत्या काचांचाच हिशेब करून पाहा. एक काच दीड मिलीमीटर जाडीची धरली तर तिचे वजन नव्वद ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे बारा काचांचे एक किलोहून अधिक. आणि एवढे ओझे वाहून हाती येणार ती फक्त बारा छायाचित्रे!

धडधाकट माणूस हे निभावून नेई. बार्नाक यांना दम्याचा विकार होता. चढणीवर श्वास लागे, पावलागणिक थांबावे लागे. डोंगर चढताना त्यांच्या मनात विचार घोळू लागला, की हे दुसऱ्या कोणत्या तरी रीतीने करता येणार नाही का? छायाचित्र मोठे हवे, हे खरे. पण ते टिपणारी काचही तेवढीच मोठी कशाला हवी? निगेटिव्ह लहान ठेवावी आणि छायाचित्र मागाहून मोठे करून घ्यावे. १९०५ च्या सुमारास सुचलेल्या या विचारातच पुढील सारे बीजरूपाने होते.

त्यांनी लगेच प्रयोग केला. एकाच मोठ्या काचेवर ओळीने पंधरा-वीस लहान चित्रे घेण्याची युक्ती त्यांनी करून पाहिली. प्रयोग फसला. त्या काळच्या काचांवरील रासायनिक लेपाचे कण इतके जाड होते, की चित्र मोठे करताच ते रवाळ आणि पुसट दिसे. दुसरा कुणी असता तर हा नाद सोडून मुकाट्याने पुन्हा पेटी पाठीवर घेता. बार्नाक यांनी ती कल्पना मनाच्या एका कोपऱ्यात जपून ठेवली.

मित्र मेखाऊ दरम्यानच्या काळात वेट्झलार येथील एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात गेला होता. लान नदीच्या काठचे हे टुमदार गाव जर्मन महाकवी गटे यांच्या १७७२ मधील वास्तव्यामुळे साहित्यप्रेमींना ठाऊक आहे. लाइट्झ यांचा कारखाना सूक्ष्मदर्शकांसाठी नावाजलेला होता. मेखाऊने बार्नाक यांचे नाव सुचवले. आपल्या प्रकृतीमुळे वारंवार रजा घ्यावी लागेल, अशी धास्ती बार्नाक यांना होती. तरीही लाइट्झ यांनी त्यांना बोलावून घेतले आणि १९११ च्या आरंभी प्रायोगिक विभागाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. आजारी माणसाला नाकारण्याऐवजी त्याच्या गुणांची कदर करणारा हा निर्णय त्या कारखान्याला केवढे वैभव देऊन गेला, हे पुढे दिसलेच.

वेट्झलारमध्ये बार्नाक यांना चलच्चित्रणाचे वेड लागले. त्यांनी स्वतः एक चित्रपट-कॅमेरा तयार केला. त्यामुळे ३५ मिलीमीटर रुंदीची चित्रपटाची फिल्म त्यांच्या रोजच्या हाताळणीत आली. काचेच्या मानाने ही फिल्म अगदी हलकी, गुंडाळता येणारी, आणि तिच्यावरचा लेपही बराच बारीक कणांचा. पडद्यावर इतके मोठे दिसणारे चित्र फिल्मवर फक्त १८ बाय २४ मिलीमीटरचे असते, हे ते पाहतच होते. जुनी कल्पना पुन्हा जागी झाली. फिल्म उभी न सरकवता आडवी सरकवली आणि दोन चौकटींची जागा एका चित्राला दिली, तर २४ बाय ३६ मिलीमीटरचे चित्र मिळते. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेचे क्षेत्रफळ याच्या सुमारे सत्तावीस पट भरते. सत्तावीस पट लहान निगेटिव्ह म्हणजे लहान भिंग, लहान पेटी आणि हलके ओझे. सारा हिशेब इथे जुळला.

१९१३-१४ मध्ये त्यांनी आपल्या हाताने पहिला नमुना घडवला. दोन्ही टोकांना गोलाई दिलेली धातूची ती डबी कोटाच्या खिशात सहज मावे. तिच्यात आणखी एक मोठी सोय होती. फिल्म पुढे सरकवण्याची आणि झडप पुन्हा सज्ज करण्याची क्रिया एकाच चक्रीने होई. त्यामुळे चुकून एका चित्रावर दुसरे चित्र उमटण्याचा धोका राहिला नाही. हा कॅमेरा खिशात टाकून बार्नाक गावात हिंडू लागले. वेट्झलारचा बाजारचौक, १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्धाच्या सैन्यभरतीची घोषणा लागली तेव्हाचा रस्ता, १९२० मध्ये लान नदीच्या पुराने वेढलेले गाव, अशी दृश्ये त्यांनी टिपली. तिपाई रोवून, काळ्या कापडात डोके खुपसून ही चित्रे घेणे अवघडच होते. रस्त्यावरचे जीवन कुणासाठी थांबत नाही. ज्याच्या खिशात कॅमेरा आहे त्यालाच ते सापडते. पुढे वृत्तछायाचित्रण म्हणून जे बहरले, त्याचे पहिले पाऊल एका दमेकरी यंत्रज्ञाच्या या फेरफटक्यांत शोधता येते.

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवायला हवी. चित्रपटाच्या फिल्मवर स्थिरचित्रे घेण्याची कल्पना एकट्या बार्नाक यांना सुचली, असे नाही. अमेरिकेत १९१३ च्या सुमारास ‘टुरिस्ट मल्टिपल’ नावाचा तसा कॅमेरा बाजारात आला होता. बार्नाक यांचे मोठेपण कल्पना तडीस नेण्यात आहे. निगेटिव्ह लहान झाली की प्रत्येक दोषही मोठा होऊन दिसतो. तेव्हा भिंग असामान्य हवे, फिल्म तसूभरही न हलता सपाट राहायला हवी, आणि जोडकाम सूक्ष्मदर्शकाइतके काटेकोर हवे. सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात घडलेल्या कारागिराला हे साधले. भिंगाची जबाबदारी लाइट्झ यांच्याकडील माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने उचलली. ५० मिलीमीटरचे त्यांचे भिंग वापरात नसताना कॅमेऱ्याच्या पोटात ढकलता येई. वजनाइतकीच जाडीही महत्त्वाची असते, हे त्यामागचे इंगित.

मध्यंतरी महायुद्ध आले, पराभव आला आणि १९२३ मध्ये जर्मनीत चलनाचे मूल्य अक्षरशः मातीमोल झाले. १९२० साली थोरले लाइट्झ निवर्तले होते आणि सूत्रे त्यांच्या मुलाकडे, दुसऱ्या एर्न्स्ट लाइट्झ यांच्याकडे आली होती. पंचवीसेक प्रायोगिक कॅमेरे तयार करून जाणकारांच्या हाती देण्यात आले. अभिप्राय संमिश्र आले. एवढ्याशा खेळण्याला कोण विचारणार, असा अनेकांचा सूर होता. सूक्ष्मदर्शकांच्या धंद्यात मुरलेल्या कारखान्याने अनोळखी बाजारात पैसा ओतावा का, हा प्रश्न सोपा नव्हता. शेकडो कामगारांच्या पोटाचा प्रश्न त्याला जोडलेला होता. जून १९२४ मधील बैठकीत बराच काथ्याकूट झाला, विरोधही झाला. अखेर लाइट्झ यांनी धोका पत्करून हा कॅमेरा बनवण्याचा निर्णय एकट्याच्या जबाबदारीवर जाहीर केला.

१९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत तो जगासमोर आला. ‘लाइट्झ’ आणि ‘कॅमेरा’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘लायका’ हे नाव बनले. भिंगासह त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आत होते, आणि एका रिळात छत्तीस छायाचित्रे मावत. बारा काचांच्या ओझ्याशी याची तुलना केली म्हणजे क्रांती या शब्दाचा अर्थ कळतो. तरीही व्यावसायिक छायाचित्रकारांनी आधी नाकेच मुरडली. लहान निगेटिव्हमधून दर्जेदार मोठे चित्र निघेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. तो बसवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पाउल वोल्फ या जर्मन छायाचित्रकाराला जाते. प्रकाश थोडा अधिक द्यायचा आणि फिल्म धुताना हात आखडता घ्यायचा, म्हणजे कण बारीक राहतात, हे त्याने आपल्या भव्य छायाचित्रांनी सिद्ध केले.

बार्नाक शेवटपर्यंत सुधारणा करत राहिले. १९३० मध्ये भिंगे बदलण्याची सोय झाली. १९३२ च्या नमुन्यात अंतर मोजणारी यंत्रणा भिंगाशी जोडली गेली आणि तीही कॅमेऱ्याचा सुटसुटीतपणा न बिघडवता. दम्याने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या यंत्राने काय घडवले, हे त्यांना थोडेफारच पाहता आले. १९३२ मध्ये फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या हाती लायका आला आणि धावत्या जीवनातला नेमका क्षण पकडण्याची एक नवी कलाच जन्माला आली. हेच कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींना भेटले होते. काही तासांतच गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या शोकाकुल गर्दीची त्यांची छायाचित्रे इतिहासाचा ठेवा ठरली. त्या लोटणाऱ्या जनसमुदायात तिपाई आणि काचा घेऊन शिरणे कुणाला शक्य झाले असते?

मग जड कॅमेरा टाकाऊच का? तसे मुळीच नाही. अमेरिकेचे अँसल अॅडम्स लायका जगभर पसरल्यावरही आठ बाय दहा इंची निगेटिव्हचे अवजड कॅमेरे पहाडांत वाहून नेत राहिले, आणि त्यांच्या निसर्गचित्रांतील बारकावे लहान फिल्मवर आले नसते. डोंगर छायाचित्रकाराची वाट पाहत उभा राहतो. रस्त्यावरून जाणारा माणूस राहत नाही. ज्याचे काम जसे, तसे त्याने ओझे निवडावे. पण दिवसभर कॅमेरा जवळ बाळगायचा असेल, तर वजन हा सोयीपुरता मुद्दा उरत नाही. कोणती चित्रे घेतली जातील आणि कोणती कधीच घेतली जाणार नाहीत, हे तेच ठरवते.

बार्नाक यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९७९ मध्ये त्यांच्या नावे छायाचित्रणाचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. ते स्वतः वापरत असलेला १०५ क्रमांकाचा प्रायोगिक कॅमेरा जून २०२२ मध्ये १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. २०२५ मध्ये लायकाने शंभरी पूर्ण केली. फिल्म मागे पडून डिजिटल युग आले, तरी व्यावसायिक कॅमेऱ्यांतील संवेदकाचे प्रमाण माप २४ बाय ३६ मिलीमीटर हेच राहिले. मोठमोठी भिंगे लावून त्या कॅमेऱ्यांचे वजन मात्र पुन्हा दोन-तीन किलोंवर नेले गेले आहे. दुसरीकडे मोबाईलने कॅमेरा पुन्हा प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवला. थुरिंगियाच्या चढणीवर धाप लागून थांबलेल्या एका माणसाने विचारलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही, तो असा.