मठाच्या स्वयंपाकघरातील बंधू लॉरेन्स



घरभेटींना जातो तेव्हा एक गाऱ्हाणे आम्हाला घरोघरी ऐकायला मिळते. प्रार्थनेला वेळ मिळत नाही, हे ते गाऱ्हाणे. सकाळची गाडी गाठायची असते, मुलांचे डबे करायचे असतात, घरात कोणी आजारी असेल तर त्याचे औषधपाणी बघायचे असते. रात्री रोझरीला बसावे तर दुसऱ्या रहस्यालाच डोळे मिटू लागतात. हे बहाणे नाहीत, हे आम्ही जाणतो. पण दुसरे एक गाऱ्हाणे याहून जड असते आणि ते फार हळू आवाजात सांगितले जाते. वेळ काढून प्रार्थनेला बसलो तरी आत काहीच जाणवत नाही. देव ऐकतो की नाही कोण जाणे, असे ते असते.

या दोन्ही गाऱ्हाण्यांना ज्यांनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले, अशा एका माणसाची ओळख आज करून घेऊ या. ते पंडित नव्हते, धर्मगुरू नव्हते, आणि ख्रिस्तसभेने त्यांना संतपदही दिलेले नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात त्यांनी स्वयंपाक केला आणि पुढे वहाणा शिवल्या. त्यांचे नाव बंधू लॉरेन्स.

त्यांचे मूळ नाव निकोलस हर्मन. १६१४ च्या सुमारास लोरेन प्रांतातील एरिमेनिल या खेड्यात एका गरीब, श्रद्धाळू कुटुंबात त्याचा जन्म झाला. लोरेन आज फ्रान्समध्ये आहे. तेव्हा तिथे ड्यूकची सत्ता होती. निकोलसला मोठे शिक्षण मिळाले नाही. तो अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात एके दिवशी त्याची नजर एका झाडावर गेली. झाडाला एकही पान नव्हते. थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुले येतील, फळे धरतील, हा साधा विचार त्याच्या मनात आला. त्या विचारासरशी परमेश्वराचे सामर्थ्य आणि त्याची काळजी त्याला इतकी स्पष्ट दिसली की तो ठसा पुढे आयुष्यभर पुसला गेला नाही. हिवाळ्यात निष्पर्ण झाडे त्या गावातल्या प्रत्येकाने दरवर्षी पाहिली होती. निकोलसने त्यातले एक झाड नीट पाहिले.

पण एवढ्याने आयुष्य बदलत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. तपःकाळातील प्रवचने ऐकून आपण हेलावतो आणि ईस्टरनंतर पुन्हा जुन्या वाटेला लागतो. निकोलसचेही तसेच झाले. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे युरोपात भयंकर युद्ध चालले होते. त्यात तो शिपाई झाला. जर्मन सैनिकांनी त्याला पकडले आणि हेर समजून फासावर देण्याची धमकी दिली. आपण निर्दोष आहोत हे तो इतक्या निर्भयपणे सांगत राहिला की त्यांनी त्याला सोडून दिले. पुढे १६३५ मध्ये रांबेर्व्हिलर येथे स्वीडिश सैन्याशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला. गावी आईवडिलांकडे राहून तो बरा झाला, पण पाय अधू राहिला. शिपाईगिरीतल्या दिवसांची आठवण त्याला फार वर्षे सलत राहिली.

सैन्य सोडल्यावर काही काळ तो एका एकांतवासी माणसाबरोबर राहिला. तिथे मन स्थिरावेना. मग पॅरिसमध्ये फ्यूबे नावाच्या एका खजिनदाराच्या घरी त्याने नोकर म्हणून काम केले. तिथेही त्याचा वेंधळेपणा आड आला. हातातल्या वस्तू पडत, फुटत. पंचविशी उलटली होती. शिपाईगिरी संपली होती, एकांतवास साधला नव्हता, चाकरीतही नाव नव्हते. असा हा तरुण १६४० मध्ये पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरील कार्मेल मठाच्या दाराशी आला. अविलाच्या संत तेरेजा आणि क्रुसाचे संत योहान यांनी ज्या कार्मेल संघात नवचैतन्य आणले, त्याच संघाचा हा मठ. निकोलसला तिथे पुनरुत्थानाचे बंधू लॉरेन्स हे नाव मिळाले. १६४२ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी व्रते घेतली. ते धर्मगुरू होणार नव्हते. मठातील अंगमेहनतीची कामे करणारे ब्रदर म्हणूनच त्यांना राहायचे होते.

आपल्या वेंधळेपणाबद्दल इथे आपल्याला चांगलीच शिक्षा भोगावी लागेल, आणि तेच आपल्या पापांचे प्रायश्चित्त होईल, अशा समजुतीने ते मठात शिरले होते. वरिष्ठांनी त्यांना नेमले स्वयंपाकघरात. मोठ्या मठाचे स्वयंपाकघर म्हणजे पहाटेपासून धूर, घाई, भांड्यांचा खणखणाट आणि चारी बाजूंनी हाका. या कामाचा त्यांना मनापासून कंटाळा होता. त्या कामात त्यांनी सुमारे पंधरा वर्षे काढली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही देकार्तच्या विचारांवर कितीतरी रात्री जागवल्या. तो याच काळातला फ्रेंच विचारवंत. तोही त्याच युद्धाच्या सुरुवातीला सैन्यात होता. १६१९ च्या हिवाळ्यात जर्मनीत एका शेगडीच्या उबेत बसून, ज्याविषयी शंकाच घेता येणार नाही असे ज्ञान कोणते, या प्रश्नाचा त्याने विचार केला. पुढे सगळ्या युरोपने त्याचे ग्रंथ वाचले. त्याच शतकात पॅरिसमध्ये दुसरा एक माणूस चुलीपुढे उभा होता आणि त्याच्याही मनात एका खात्रीचाच प्रश्न होता. आमच्या अभ्यासक्रमात त्याचे नाव नव्हते. मात्र प्रार्थना कोरडी पडते तेव्हा आम्हाला आधार वाटतो तो या दुसऱ्या माणसाचा.

कारण बंधू लॉरेन्स यांची मठातील पहिली दहा वर्षे फार जड गेली. बाहेरून पाहणाऱ्याला ते शांतपणे काम करताना दिसत. आत मात्र जुन्या पापांची आठवण त्यांना सोडत नव्हती. देव आपल्यावर कृपा करतो असे वाटले की लगेच आपण अपात्र आहोत ही टोचणी लागे. त्यातली चार वर्षे तर आपला नाश ठरलेलाच आहे, आपले तारण होणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. कोणी कितीही समजावले तरी ती जात नव्हती. विचार करा, व्रतस्थ माणूस रोज मिस्साला जातो, दिवसभर भावांसाठी रांधतो, आणि रात्री स्वर्गाचे दार आपल्याला बंद आहे असे समजून अंथरुणाला पाठ टेकतो. अशी चार वर्षे.

यातून ते कसे बाहेर पडले? त्यांना एखादा दृष्टान्त झाला नाही. तारणाची खात्री हातात आली आणि मग मन शांत झाले, असेही घडले नाही. त्यांनी ती खात्री मागणेच सोडून दिले. आपण मठात आलो ते देवावरील प्रेमापोटी, हे त्यांनी मनाशी पुन्हा पाहिले. पुढे आपले काहीही होवो, तारण होवो की नाश, जिवंत आहोत तोपर्यंत प्रत्येक काम देवावरील प्रेमासाठीच करायचे; निदान एवढे तरी आपल्या पदरी राहील, असा निश्चय त्यांनी केला. मोबदल्याचा हिशेब त्यांनी मिटवला आणि त्यानंतर त्यांना जी शांती लाभली ती शेवटपर्यंत टिकली.

बंधुभगिनींनो, हा निश्चय आपण घाईने वाचून पुढे जाऊ नये. देव जाणवतो म्हणून प्रार्थना करणे सोपे असते. नवससायास करून काही हाती लागले तर भक्ती वाढणेही स्वाभाविक आहे. हातात काहीच नसताना देवाकडे तोंड करून उभे राहणे, हे खरे प्रेम. देवाचे सान्निध्य ही भावना असती तर ज्याचे मन हळवे त्यालाच ते लाभले असते. बंधू लॉरेन्स यांनी ते इच्छेच्या, निश्चयाच्या बाजूने धरले, म्हणून कोरड्या मनाच्या माणसालाही ते मोकळे आहे.

मग ते दिवसभर करीत तरी काय? त्यांची पद्धत अगदी साधी होती. कामाला हात लावण्यापूर्वी ते देवाकडे मदत मागत. काम करताना मधूनमधून मनातल्या मनात त्याच्याशी दोन शब्द बोलत. काम नीट झाले तर आभार मानत. चुकले तर क्षमा मागत आणि तिथेच न घुटमळता पुन्हा कामाला लागत. आपल्या चुकीचे त्यांना नवल वाटत नसे. देवाने हात सोडला तर माझ्याकडून आणखी काय होणार, असा त्यांचा भाव असे. तव्यावरचे आम्लेट ते देवावरील प्रेमासाठी उलटत. जमिनीवरची काडी उचलायची झाली तरी त्याच्याच प्रेमासाठी उचलत. हातातले काम संपले आणि दुसरे नसले तर तिथेच जमिनीवर लवून ते देवाला वंदन करीत. ठरलेल्या प्रार्थनेच्या वेळा त्यांनी टाळल्या नाहीत. पण प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना फरक वाटेनासा झाला. चार जण एकाच वेळी चार गोष्टी मागत असताना, त्या गोंगाटातही त्यांचे मन देवाजवळच असे.

हे एका दिवसात जमले नाही. मन भरकटे. ते पुन्हा आणावे लागे. असे वर्षानुवर्षे केल्यावर ते अंगवळणी पडले.

मठासाठी द्राक्षारस विकत आणायला त्यांना एकदा ओव्हर्न प्रांतात आणि पुढे बर्गंडीला पाठवण्यात आले. व्यवहार त्यांना कळत नसे. पाय इतका अधू होता की नावेत एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना ते पिंपांवरून अंग लोटत सरकत. हे तुझेच काम आहे, एवढे देवाला सांगून ते निघाले आणि काम व्यवस्थित पार पडले. पायाचे दुखणे वाढल्यावर त्यांना स्वयंपाकघरातून काढून वहाणा शिवण्या-दुरुस्तीच्या कामावर बसवले. आता त्यांच्या हातून मठातल्या भावांची पादत्राणे तयार होऊ लागली. सान्निध्य तेच राहिले, जागा तेवढी बदलली.

हळूहळू लोक त्यांच्याकडे येऊ लागले. १६६६ च्या ऑगस्टमध्ये जोसेफ द बोफोर नावाचे धर्मगुरू त्यांना भेटले. या भेटी पुढेही होत राहिल्या आणि बोफोर यांनी त्या संभाषणांची टिपणे ठेवली. पुढे आर्चबिशप झालेले विद्वान फेनेलोन हेही त्यांना भेटून गेले. काही धर्मभगिनींना आणि प्रापंचिकांना बंधू लॉरेन्स यांनी पत्रे लिहिली. त्यांत एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगतात. देवाकडे वळायला फार वेळ लागत नाही. मनातल्या मनात एकदा त्याची आठवण करावी, तेवढेही त्याला पुरते.

१२ फेब्रुवारी १६९१ रोजी, सोमवारी सकाळी, त्यांचे मठातच निधन झाले. शेवटच्या आजारात त्यांनी संस्कार स्वीकारले. मन कशात गुंतले आहे असे कोणी विचारले तेव्हा, अनंतकाळ जे करायचे तेच आता करतो आहे, देवाची स्तुती करतो आहे, त्याच्यावर प्रेम करतो आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ज्याला चार वर्षे नरकाची खात्री वाटत होती, तो माणूस असा शांतपणे गेला.

बोफोर यांनी १६९२ आणि १६९४ मध्ये त्यांची पत्रे, बोधवचने आणि संभाषणे प्रसिद्ध केली. त्यानंतर काही वर्षांतच फ्रान्समध्ये आध्यात्मिक जीवनाविषयी मोठा वाद पेटला. १६९९ मध्ये फेनेलोन यांच्या एका ग्रंथातील काही विधाने रोमने अमान्य केली. फेनेलोन यांनी आपल्या बाजूने बंधू लॉरेन्स यांचा दाखला दिला होता. त्यामुळे कॅथलिकांमध्ये त्यांचे नाव बराच काळ मागे पडले. गंमत अशी की प्रॉटेस्टंट बांधवांनी ते पुस्तक जपले, अनेक भाषांत नेले. जॉन वेस्ली यांनीही आपल्या लोकांना ते वाचायला दिले. आज आपण ते पुन्हा आपले म्हणून वाचतो. डिसेंबर २०२५ मध्ये लेबननहून परतताना पोप लिओ चौदावे यांनी विमानात पत्रकारांशी बोलताना, आपल्या आध्यात्मिक जीवनाला ज्या पुस्तकाने आकार दिला त्यात याच पुस्तकाचा उल्लेख केला.

व्होजिरार रस्त्यावरील त्या मठाचे चर्च आजही उभे आहे. पण बंधू लॉरेन्स यांना भेटायला पॅरिसला जायची गरज नाही. या आठवड्यात आपण एवढेच करून पाहू या. रोजच्या कामातले, ज्याचा आपल्याला सर्वांत जास्त कंटाळा आहे, असे एक काम निवडू या. भांडी घासणे असेल, गाडीची वाट पाहणे असेल, कार्यालयातली तीच ती फाइल असेल. ते सुरू करताना मनात एकदा देवाचे नाव घेऊ या आणि ते काम त्याच्यावरील प्रेमासाठी करू या. विसरलो तर वाईट वाटून न घेता दुसऱ्या दिवशी पुन्हा. आत काही जाणवले नाही तरी चालेल. बंधू लॉरेन्स यांनाही कितीतरी वर्षे जाणवले नव्हते. आणि पुढच्या रविवारी मिस्साला येऊ तेव्हा आठवडाभराचे ते एक कंटाळवाणे काम भाकर आणि द्राक्षारस यांच्याबरोबर वेदीवर ठेवू या.

प्रभू येशू आपल्या चुलीपाशी, आपल्या कामाच्या जागी आपल्यासोबत राहो.

आपले धर्मगुरू